डिशवॉशर जोडताना आधी मोरीकडे बघा

डिशवॉशर बसवायला येणाऱ्या माणसाचं काम मशीन सुरू करून देण्याचं असतं, प्लंबिंगचं नसतं. तो पाण्याचा पाइप जवळच्या चावीला जोडतो, सांडपाण्याचा पाइप सिंकच्या काठाला अडकवतो नाहीतर खाली जाळीत सोडतो, एक फेरी रिकामी फिरवून दाखवतो आणि निघतो. ओट्याखाली काय हवं होतं ते पंधरा दिवसांनी कळतं. म्हणून नळकाम मशीन यायच्या आधीच नेहमीच्या प्लंबरकडून करून घ्यावं.

प्लंबर आला की तो आपोआप नळाकडे बघतो. त्याला मोरीकडे बघायला लावा. येणाऱ्या पाण्यात चूक झाली तर मशीन भरत नाही, एरर दाखवून थांबतं, विषय संपला. जाणाऱ्या पाण्यात चूक झाली तर भांड्यांना वास येतो, सिंकमधलं खरकटं पाणी मशीनच्या पोटात उतरतं, किंवा रात्री लावलेल्या मशीनचं पाणी सकाळी फ्रीजखालून वाहत असतं.

तर येणारं पाणी आधी उरकून घेऊ. मशीनच्या पाइपाच्या टोकाला पाऊण इंची नट असतो, वॉशिंग मशीनला असतो तसाच. आपल्या ओट्याखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून निघालेली छोटी चावी, मात्र अर्धा इंची. त्यामुळे तो कॉक काढून तिथे टू-वे अँगल कॉक बसवायचा: एका तोंडाला सिंकच्या नळाचा कनेक्शन पाइप, दुसऱ्या तोंडाला अर्ध्याचा पाऊण करणारा पितळी जोड आणि त्यावर मशीनचा नट. दोन्ही तोंडांना वेगळी चावी असलेलाच टू-वे घ्या. एकाच चावीवर दोन्ही चालत असतील तर मशीन दुरुस्तीला काढलं की सिंकचा नळही बंद. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओची बारीक नळी ज्या छोट्या टी मधून (तीन तोंडी जोडातून) निघते तो टी सिंकच्या नळाच्या बाजूला ठेवा, मशीनच्या बाजूला नको. त्या टी चं आतलं भोक लहान असतं आणि मशीनला मिळणारी धार तिथेच अडते.

टेफ्लॉन टेप कुठे लावायची यात बऱ्याचदा गोंधळ होतो. धातूचे आटे धातूच्या आट्यांत बसतात तिथे टेप हवी, भरपूर हवी, आणि आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळलेली हवी. उलटी गुंडाळली तर पिळताना सुटत जाते. मशीनच्या पाऊण इंची नटाला मात्र टेप लागत नाही, कारण तिथे पाणी आटे अडवत नाहीत, आतला रबरी वायसर अडवतो. टेपचा थर दिला की नट पुरता बसत नाही, वायसर नीट दाबला जात नाही आणि थेंब थेंब गळतं. मग पान्याने आणखी आवळतात, प्लॅस्टिकचा नट चिरतो. हाताने घट्ट करायचा आणि वर पाव फेरी, बस.

जुन्या इमारतीत भिंतीत जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप असेल तर कॉक काढतानाच जपा. गंजलेला निपल (आट्यांचा छोटा तुकडा) भिंतीच्या आत तुटला की टाइल फोडण्याशिवाय इलाज नसतो. सुतळी-सफेदा (टेपऐवजी वापरायचा धागा आणि लेप) लावून बसवलेला पन्नास वर्षांचा कॉक जोर लावून हलत नसेल तर त्याला हात न लावता त्याच्या पुढच्या तोंडावर जोड देऊन काम भागवणं शहाणपणाचं. सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप, असेल तर भिंतीतल्या एल्बोमध्ये (कोपऱ्याच्या जोडात) पितळी आटे बसवलेले असतात. तिथे जोर जास्त झाला तर तडा प्लॅस्टिकला जातो आणि गळती भिंतीच्या आत सुरू होते, जी दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीच्या रंगावर दिसते.

नवा कॉक बसला की मशीन जोडण्याआधी त्यातून अर्धी बादली पाणी सोडा. टेपचे तुकडे, वाळू, गंजाचे कण सगळं त्यात येतं. नाहीतर हेच नटातल्या बारीक जाळीत जाऊन बसतं. नटाच्या जागी चौकोनी प्लॅस्टिकची डबी असेल तर त्या डबीत विजेवर चालणारी झडप आहे आणि पाइपाच्या आतून वायर गेलेली आहे. गळती झाली की ती पाणी चावीपाशीच तोडते. तो पाइप कापून लांब करायचा नाही, ती डबी पाण्यात बुडवायची नाही. लांबी कमी पडली तर त्याच कंपनीचा वाढीव पाइप मिळतो.

पाणी गारच द्या. सोलरची लाइन ओट्यापर्यंत आली असेल तर तिला जोडून वीज वाचवायचा मोह होतो. बहुतेक मशीनना आत येणारं पाणी ६० अंशांपर्यंतच चालतं आणि एप्रिल-मे महिन्यात सोलरच्या टाकीतलं पाणी त्याच्या वर सहज जातं. शिवाय सुरुवातीचं खळबळणं गार पाण्याने झालेलं बरं. डाळ-भाताची पेज आणि अंडं एकदम गरम पाण्याने भांड्याला चिकटून बसतं. आरओचं पाणीही देऊ नका. मशीनच्या आत पाणी मऊ करायची सोय असते, तिच्यात मीठ घालायचं आणि आपल्या पाण्याच्या जडपणाप्रमाणे आकडा लावायचा. हा आकडा टीडीएसच्या मीटरने ठरत नाही, कारण मीटर सगळेच क्षार मोजतो आणि मशीनला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमशी देणंघेणं असतं. जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. मशीनमध्ये आकडा बहुधा जर्मन अंशांत असतो. १ अंश म्हणजे सुमारे १८ पीपीएम, तेव्हा बोअरचं ३६० पीपीएमचं पाणी झालं २० अंश.

आता दाब. उंचीवरून हिशेब सोपा आहे: १० मीटर म्हणजे साधारण १ बार. मशीनला किमान ०.३ ते ०.५ बार लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मधल्या मजल्यांवर हा प्रश्नच येत नाही, येतो तो सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीवरची टाकी स्लॅबपासून दीड मीटर उंच चौथऱ्यावर आहे असं धरा. खोलीची उंची २.९ मीटर, स्लॅब १५ सेंटिमीटर, चावी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. चावीपासून टाकीच्या तळापर्यंत भरली सुमारे ४ मीटर, म्हणजे ०.४ बार. हा झाला पाणी थांबलेलं असतानाचा दाब. वाहायला लागलं की वाटेतली एल्बो आणि गंजलेला अर्धा इंची पाइप त्यातला बराच खाऊन टाकतात. ०.३ बारवाल्या मशीनचं कसंबसं भागेल, ०.५ वाल्याचं नाही. मशीन निवडण्याआधी हा आकडा बघा. नंतर फ्लो स्विचवर चालणारा (पाणी वाहू लागलं की आपोआप सुरू होणारा) छोटा पंप बसवावा लागतो, तोही टाकीकडून येणाऱ्या लाइनवर. महापालिकेच्या थेट लाइनवर पंप लावायला मनाई असते. घरच्या घरी चाचणी करायची तर अँगल कॉक पूर्ण सोडून १० लिटरची बादली लावा. मिनिटात भरली तर निश्चिंत राहा.

इथवर चुकणं तसं कठीण आहे. खरी मेख पुढे.

डिशवॉशर पाणी ओतत नाही, पंपाने फेकतो. एका भरणीचं ३-४ लिटर खरकटं, तेलकट, गरम पाणी तो मिनिटाभरात बाहेर काढतो, आणि पूर्ण फेरीत हे तीन-चार वेळा होतं. आता आपल्या ओट्याखाली काय असतं ते वाकून बघा. सिंकच्या कपलिंगला (तळाच्या जाळीच्या जोडाला) लावलेला घड्याघड्यांचा पांढरा वेस्ट पाइप, त्याचं दुसरं टोक फरशीतल्या नुसत्या भोकात किंवा नहाणी ट्रॅपच्या जाळीत खुपसलेलं. प्लंबर त्याला नानी ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे थोडं पाणी कायम साठवून गटाराचा वास अडवणारा भाग. सिंकमधून उताराने येणाऱ्या पाण्याला एवढं पुरतं. पंपाच्या धारेला नाही. गरम पाण्याने तो पाइप मऊ पडतो, घड्यांत तूप-तेल साचतं आणि एक दिवस धारेच्या धक्क्याने टोक भोकातून उसळून बाहेर येतं. म्हणून पहिलं काम हा पाइप काढून टाकण्याचं. त्याच्या जागी ४० मिलिमीटरचा सरळ पीव्हीसी पाइप घालायचा, आडव्या भागाला मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार द्यायचा, फरशीशी रिड्युसर (माप बदलणारा जोड) आणि रबरी रिंग लावून तो घट्ट बसवायचा.

मग मशीनचा सांडपाण्याचा पाइप याला जोडायचा कुठे? सर्रास सुचवतात तो उपाय म्हणजे नोझल (पाइप चढवायची बाजूची नळी) असलेला बॉटल ट्रॅप, सिंकखाली बसणारा बाटलीच्या आकाराचा ट्रॅप. तो चांगला आहे, पण आधी एक गोष्ट बघायची. खाली फरशीत नहाणी ट्रॅप आहे का? असेल तर सिंकखाली आणखी एक ट्रॅप नको. एकामागोमाग दोन ठिकाणी पाणी साठून राहिलं की मधली हवा कोंडते, सिंक गुडगुडत हळूहळू रिकामं होतं आणि मशीनच्या धारेला वाट मिळत नाही. तिथे ट्रॅप नसलेला, फक्त बाजूला नोझल असलेला वेस्टचा तुकडा कपलिंगखाली लावा. खाली ट्रॅप नसेल आणि पाइप भिंतीतून सरळ बाहेरच्या उभ्या लाइनला जात असेल, तर मात्र बॉटल ट्रॅप हवाच, आणि नोझल त्यातल्या पाण्याच्या पातळीच्या वर, सिंकच्या बाजूला हवं. ट्रॅपच्या पलीकडे जोडलं तर गटाराचा वास मशीनच्या पाइपात आणि झुरळं त्याच्या मागोमाग.

या नोझलमध्ये एक फसगत आहे. नवीन येतं तेव्हा ते आतून बंद असतं, प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. तो तसाच ठेवून पाइप चढवला की मशीन पहिल्याच फेरीत पाणी बाहेर टाकता येत नाही म्हणून थांबतं आणि सगळे पंपाला दोष देतात. दुसरी तऱ्हा म्हणजे त्यात खिळा गरम करून किंवा बारीक ड्रिलने छिद्र पाडणं. पाणी जातं, पण महिन्याभरात भाताचं शीत किंवा कोथिंबिरीची काडी त्या छिद्रात आडवी होते. पडदा नोझलच्या पूर्ण आतल्या व्यासाएवढा कापायचा आणि कडेचा प्लॅस्टिकचा बुरा पात्याने साफ करायचा. पाइपाच्या टोकाचा रबरी एल्बो नोझलवर शेवटपर्यंत सरकवून वर १६-२५ मापाची स्टीलची होज क्लिप आवळायची. वायरने बांधू नका. गरम-गार होऊन रबर ढिलं पडतं, वायर तशीच राहते.

ट्रॅपच्या नटांमधले वायसर एका बाजूने निमुळते असतात. निमुळती बाजू जोडाच्या आत जाईल अशी बसवायची, सपाट बाजू नटाकडे. उलट बसवला तर नट कितीही आवळा, गळणार. ओट्याखालच्या गळतीचं कारण मी दुसरीकडे शोधायच्या आधी इथेच शोधेन.

आता उंची, आणि या सगळ्या कामात एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती हीच. मशीनच्या मागून निघालेला सांडपाण्याचा पाइप आधी वर गेला पाहिजे, ओट्याच्या स्लॅबच्या जवळजवळ पोटाला लागेपर्यंत, तिथे क्लिपने भिंतीला बांधला पाहिजे, आणि मग खाली नोझलकडे उतरला पाहिजे. हा वळसा नसेल तर दोन गोष्टी होतात. पाइप सरळ खाली जाळीत सोडलेला असेल तर मशीन भरत असतानाच पाणी आपसूक वाहून जातं. पंपातली झडप पाणी मागे येऊ देत नाही, पुढे जाणाऱ्याला ती अडवत नाही. मशीन भरतं, पाणी जातं, ते पुन्हा भरतं. कधी अर्ध्या पाण्यात कोरडा खडखडाट करत धुतं आणि शेवटी एरर. दुसरी गोष्ट उलट दिशेची. सिंक तुंबलं किंवा भरलेलं सिंक एकदम सोडलं की ते पाणी नोझलमधून पाइपात शिरतं. वळसा असेल तर तिथे अडतं. नसेल तर मशीनपर्यंत पोचतं, आणि झडपेत एखादी बी अडकून ती उघडी राहिली असेल तर धुतलेल्या ताटांवर.

वर किती न्यायचं यालाही मर्यादा आहे. बहुतेक पंप जमिनीपासून १ मीटरच्या आसपास पाणी चढवतात, त्यापुढे दमतात. ओटा साधारण ८५ सेंटिमीटरचा, तेव्हा त्याखालचा वळसा आरामात बसतो. लांबीही वाढवत नेऊ नका. १९ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात दर मीटरला पाव लिटरहून जास्त पाणी मावतं. चढावर अडकलेलं हे पाणी पंप थांबला की मागे सरकतं आणि झडपेपाशी पाइपातच रात्रभर थांबतं. वास तिथून सुरू होतो. मशीन सिंकच्या शेजारच्याच कप्प्यात ठेवायचं याचं खरं कारण हे.

नोझल नको असेल तर उभा पाइप हा पर्याय: ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा करायचा, वरचं तोंड उघडं ठेवायचं आणि मशीनचा पाइप त्यात १०-१५ सेंटिमीटर सोडायचा. तोंडाशी हवा खेळती राहते म्हणून आपसूक ओढ लागत नाही. तिथे सिलिकॉन भरून बंद करू नका, सगळा फायदा जातो. हा पाइप सिंकच्याच वेस्टला टी टाकून जोडला तर मात्र उंचीचं भान ठेवा. सिंकचा तळ जमिनीपासून ६२-६५ सेंटिमीटरवर असतो. उभ्या पाइपाचं तोंड ६० वर ठेवलं आणि पुढची लाइन तुंबली, तर पाणी सिंकमध्ये दिसायच्या आधी ओट्याखालच्या कप्प्यात सांडेल. तोंड ७५ च्या वर न्या, नाहीतर उभा पाइप वेगळा थेट नहाणी ट्रॅपला उतरवा. ट्रॅपच्या जाळीला पाइपाएवढं गोल भोक पाडून आणि फट बुजवून. जाळी बाजूला सरकवून ठेवली की झुरळांना दार उघडं.

भाड्याच्या घरात फोडाफोड करता येत नसेल तर सिंकच्या काठावर पाइप अडकवणं चालतं, पण सिंक रिकामं आणि जाळी साफ ठेवूनच. रात्री खरकटी कढई सिंकमध्ये ठेवून मशीन लावलं की पाणी ओट्यावरून खाली येणार.

मशीन ड्राय बाल्कनीत ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून घ्या. बाल्कनीतली जाळी नेमकी कुठल्या लाइनला जाते? बऱ्याच इमारतींत वॉशिंग मशीनसाठी दिलेली जाळी सांडपाण्याला जाते, पण साध्या बाल्कनीची जाळी पावसाच्या पाण्याच्या पाइपाला. तो पाइप सोसायटीत पर्जन्यजल संधारण असेल तर शोषखड्ड्यात किंवा बोअरमध्ये उतरतो. तिथे डिशवॉशरचं पाणी सोडणं म्हणजे तेल, डिटर्जंट आणि मीठ आपल्याच बोअरला पाजणं. सोसायटीच्या ड्रेनेजच्या नकाशात हे दिसतं. नकाशा सापडत नसेल तर जाळीत रंगाचं पाणी ओतून खाली कुठल्या चेंबरमध्ये येतं ते बघायचं.

राहिली किरकोळ कामं. ओट्याखालचे कप्पे कडप्प्याचे असतात, पाइप पलीकडे न्यायला भोक लागतं. ते मशीन आल्यावर पाडायला गेलं तर कडप्पा तडकायची भीती, तेव्हा आधीच कोअर कटरने पाडून घ्या. माप पाइपाचं नको. त्यातून नट, झडपेची डबी आणि तीन पिनांचा प्लगही जायचा आहे, त्यातल्या सगळ्यात जाड वस्तूचं घ्या. सॉकेट १६ अँपिअरचं, अर्थिंग असलेलं, शेजारच्या कप्प्यात आणि पाण्याच्या जोडांपासून दूर. मशीनच्या बरोबर मागे सॉकेट असलं तर ते आत सरकत नाही, आणि गळती झाली तर प्लग काढायला हातही पोचत नाही. एक्स्टेंशन बोर्ड लावू नका, पाणी तापवताना मशीन २००० वॉटच्या घरात वीज ओढतं.

पहिली फेरी रिकामी, आणि कप्प्याचं दार उघडं ठेवून. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा पसरा, ओलावा बोटापेक्षा कागदाला लवकर कळतो. चावी सोडल्यावर एकदा बघा, पंप पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा नोझलपाशी बघा, आणि गरम पाणी बाहेर पडताना परत बघा, कारण गारमध्ये न गळणारा जोड गरममध्ये गळू शकतो. दोनदा आवळावं लागलं तरी चालेल, पण मशीन आत ढकलून स्क्रू मारण्याआधी. कागद दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहू द्या.

पाऊस सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात चावी बंद करून नट सोडवा आणि जाळी दातांच्या जुन्या ब्रशने धुवा. गढूळ पाण्याचा गाळ तिथे असतोच. बॉटल ट्रॅपची वाटी त्याच वेळी खाली बादली ठेवून उघडा.